घाटात चालवायला मजा येईल अशी मॅन्युअल सेडान: व्हर्ना टर्बो, व्हर्टस की जुनं काहीतरी? (सातारा)

यवतेश्वर_पहाट (सातारा)

नमस्कार मंडळी, दोन महिने झाले डोक्यात एकच विषय आहे म्हणून शेवटी इथं विचारतोय. मी साताऱ्यात राहतो, एमआयडीसीत नोकरी, आत्ता १० वर्षांची डिझेल हॅचबॅक आहे, १ लाख ४० हजार किमी झालेत, ती आता धाकट्या भावाला द्यायचीय. मला सेडान पाहिजे आणि मॅन्युअलच पाहिजे. त्यावर वाद नको प्लीज, घरात तो वाद आधीच जिंकून झालाय.

वापर असा. रोज ऑफिसला जाऊन येऊन १८ किमी. दर शनिवारी सांगलीला आईवडिलांकडे, म्हणजे हायवेनं कराड, पेठ नाका आणि तिथून आत, एका बाजूला सव्वाशे किमीच्या आसपास. आणि रविवारी पहाटे पावणेसहाला मी एकटा यवतेश्वर घाट चढून कासपर्यंत जातो, वर चहा घेतो आणि साडेआठच्या आत घरी. हंगामात फुलांची गर्दी असते तेव्हा जात नाही. हा आठवड्यातला दीड-दोन तासांचा वेळ माझा स्वतःचा असतो आणि खरं सांगायचं तर नवीन गाडी मी या दोन तासांसाठीच घेतोय, बाकी कामं कुठलीही गाडी करेल.

मला काय आवडतं ते सांगतो म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. वळण दिसलं, ब्रेक दाबला, तिसऱ्यातून दुसरा टाकताना क्लच सोडायच्या आधी जरा ॲक्सिलरेटर दिला आणि गाडी अजिबात न दचकता गिअरमध्ये बसली, ते जमलं की दिवसभर छान वाटतं. वेगाचं वेड नाही. घाटात ४०-५० च्या वर मी जातच नाही, पलीकडून एसटी येत असते.

बजेट ऑनरोड १८ लाख, ताणून १९. डोक्यात आहेत त्या व्हर्ना १.५ टर्बो मॅन्युअल, व्हर्टस १.५ मॅन्युअल, होंडा सिटी मॅन्युअल. एक मित्र म्हणतो निम्म्या पैशात जुनी स्कोडा लॉरा १.८ टीएसआय नाहीतर होंडा सिव्हिक घे आणि उरलेले तिच्यावर खर्च कर. कागदावर सगळ्यांचे आकडे पाठ झालेत पण आकड्यांवरून काहीच कळत नाहीये. वडिलांचे गुडघे दुखतात, मागं बसताउठताना त्रास नको एवढी एक अट आहे. ज्यांनी आपल्या भागात, आपल्या घाटात या गाड्या चालवल्यात त्यांनी सांगा.

पाटणवाला

कुंभार्ली घाट माझा रोजचा नसला तरी महिन्यातून चारदा होतो, चिपळूणला काम असतं. तुला एकच गोष्ट सांगतो जी शोरूमवाला सांगणार नाही. आपल्या घाटात सगळा खेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरचा आहे. चौथा टाकायची वेळ क्वचित येते, पाचवा-सहावा विसर. म्हणून गाडी १०० ला किती सेकंदात जाते ते बघूच नको. दुसऱ्यात वळणातून बाहेर पडताना १८००-२००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) ती ओढते का, की तू पाय दाबून बसलायस आणि ती विचार करतेय, एवढंच बघ.

टर्बोत गंमत अशी आहे की खाली टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, लवकर मिळतो, व्हर्नाचा २५३ एनएम १५०० पासून आणि व्हर्टसचा २५० एनएम १६०० पासून, असं कागदावर. प्रत्यक्षात चढावर दोन्हीत साधारण १८०० च्या खाली जरा झोप असते, त्याच्या वर गेलं की एकदम धावते. म्हणजे वळणात गिअर चुकला तर टर्बोत जास्त जाणवतं. योग्य गिअरमध्ये असलास तर मग काय बघायलाच नको.

दुसरं म्हणजे उंची. हे कोणी बोलत नाही. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथं हवा समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्के तरी विरळ असते. बिनटर्बोचं इंजिन तेवढी ताकद सरळ गमावतं, सिटीचे १२१ पीएस वर गेल्यावर १०५-१०६ च्या आसपास उरतात. टर्बो हवा दाबून आत घालतो म्हणून त्याला फारसा फरक पडत नाही. केळघर घाटातून चार माणसं आणि सामान घेऊन चढलास की हे पायाला कळतं. तू एकटाच जातोस म्हणतोस, मग तुला कमी जाणवेल, पण कासचं पठारही काही खाली नाही.

मी स्वतः स्कोडा स्लाव्हिया १.० चालवतो, ११५ पीएस, ६ गिअर. ताकद कमी आहे म्हणून गिअर जास्त बदलावे लागतात आणि मला तेच आवडतं. तुझ्या यादीत ती नाहीये, एकदा बसून बघ. पैसे पण वाचतील.

मिरज_मेल

वाद नको म्हटलास तरी लिहितो. मी दोन वर्षांपूर्वी मॅन्युअल सोडून डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक, घेतली. सांगलीत कॉलेज कॉर्नर ते विश्रामबाग रोज दोनदा करतो, डावा पाय आता सुखात आहे. पॅडलनं गिअर बदलता येतात की. घाटात मॅन्युअल मोडवर टाकायची. माणसापेक्षा गिअर लवकर बदलते ती, हे मान्य करायलाच पाहिजे.

यवतेश्वर_पहाट

मान्य आहे भाऊ, लवकर बदलते. पण मला लवकर बदलायचा नाहीये, मला स्वतः बदलायचाय. साताऱ्यात ट्रॅफिक म्हणजे पोवई नाका आणि राजपथ, तेवढं डाव्या पायाला झेपतं.

पाटणवाले दादा, उंचीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. स्लाव्हिया १.० पण बघतो.

कृष्णाकाठची (सांगली)

मी २०२१ पासून सिटी मॅन्युअल चालवतेय, ५२ हजार किमी झाले, म्हणून सिटीच्या बाजूनं कोणीतरी बोललं पाहिजे. वरती टर्बो टर्बो वाचून असं वाटेल की बिनटर्बोची गाडी म्हणजे बैलगाडी, तसं अजिबात नाहीये. सिटीचं इंजिन ४००० च्या वर वेगळंच बोलायला लागतं आणि ६६०० पर्यंत हसत जातं, टर्बो गाड्या ५५०० ला दमतात, आणि पाय जितका दाबाल तितकंच मिळतं, ना कमी ना जास्त, ना उशिरा. तुम्ही जे रेव्ह देऊन खालचा गिअर टाकायचं लिहिलंय ना ते या गाडीत इतकं सोपं जातं कारण पाय आणि इंजिन यांच्यात मध्ये कोणी नाही. गिअर लिव्हर पण छोटा, मनगटानं पडतो, खांदा हलवावा लागत नाही. माझ्या मिस्टरांकडं कंपनीची एक मोठी एसयूव्ही आहे, तरी पन्हाळ्याला जायचं असलं की ते माझी चावी मागतात.

पण तुम्ही विचारलंय म्हणून खरं ते सगळं सांगते. आंबा घाटात रत्नागिरीकडून परत चढताना चार जण आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असतात तेव्हा ट्रकच्या मागून बाहेर काढायला तिसऱ्यातून दुसऱ्यात यावंच लागतं आणि इंजिन ओरडतं. ज्याला ते ओरडणं आवडत नाही त्यानं सिटी घेऊ नये. मला आवडतं. टायर १८५ चे आहेत, त्यामुळं वळणात जरा लवकर कुई करतात, मी पुढच्या वेळी चांगल्या कंपनीचे मऊ रबरचे टाकणार आहे.

तुमच्या वडिलांसाठी मात्र एक काम करा. शोरूममध्ये त्यांना घेऊन जा आणि मागच्या सीटवर नुसतं बसवू नका, तीन वेळा बसायला आणि उठायला लावा. मी आईला घेऊन गेले होते. एका गाडीत ती बसली छान, पण उठताना तिनं पुढच्या सीटची पाठ धरली आणि दाराच्या वरच्या पट्टीला डोकं लागलं. सेल्समनला दिसलं पण नाही, मला दिसलं. सेडान म्हटली की खाली वाकून बसणं आलंच, पण सीट जमिनीपासून किती उंच आहे आणि दार किती उघडतं यात गाडीगाडीत फरक असतो.

आणि सांगली-पेठ रस्त्याचं तुम्हाला माहितीच आहे. सीझनला ऊसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागं एक लाइट नाही की रिफ्लेक्टर नाही. शनिवारी संध्याकाळी अंधारात येत असाल तर हेडलाइट कुठल्या गाडीचे चांगले ते रात्रीच्या टेस्ट ड्राइव्हला बघा. दिवसा कोणालाही कळत नाही.

फिएस्टा_काका (एमएच ५०)

माझ्याकडं २००८ ची फोर्ड फिएस्टा १.६ एस आहे. १०१ पीएस. २०२३ ला पंधरा वर्षं पूर्ण झाली, ग्रीन टॅक्स भरून पुढची पाच वर्षं पासिंग करून घेतलं, आरटीओतला साहेब म्हणाला काका विका आता, मी म्हटलं साहेब एकदा चालवून बघा मग बोला. हायड्रॉलिक स्टेअरिंग आहे. म्हणजे पुढच्या चाकाखाली वाळू आली तर ती हाताला कळते, डांबर ओलं झालं तर स्टेअरिंग हलकं होतं आणि आपला पाय आपोआप सुटतो. आताच्या सगळ्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टेअरिंग आहे, पार्किंगला हलकं, हायवेला जड, पण ते जडपण मोटरनं ठरवलेलं असतं, रस्त्यानं नाही. पोरा तू ज्या गोष्टीसाठी गाडी घेतोयस, ती गोष्ट जुन्या गाड्यांत जास्त होती हे मी अगदी मनापासून सांगतो.

पण म्हणून जुनीच घे असं म्हणणार नाही. फोर्डनं २०२१ ला भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, फियाट त्याच्या आधीच गेली. फियाटची लिनिया टी-जेट माझी अतिशय आवडती, रांजणगावला बनायची, ११४ पीएस, २०७ एनएम, स्टेअरिंग हायड्रॉलिक, हायवेला रुळावर ठेवल्यासारखी. पण आता असली गाडी ठेवायची तर एक चांगला मेकॅनिक आपला माणूस पाहिजे आणि पार्टसाठी पुण्यामुंबईत ओळखी पाहिजेत. माझ्याकडं दोन्ही आहे आणि वेळ पण आहे, मी रिटायर झालोय. तुला सोमवारी आठला कंपनीत पोचायचंय.

लॉरा १.८ टीएसआय मॅन्युअलबद्दल, १६० पीएस आणि २५० एनएम, गाडी सोन्यासारखी. पण शेवटच्या गाड्यांना पण आता पंधरा वर्षं होत आलीत. सिव्हिक २००६ ला आली, १.८ ला १३२ पीएस, गिअरबॉक्स लोण्यासारखा, पण पाच माणसं बसली की गावातला प्रत्येक स्पीडब्रेकर पोटाला घासतो. सांगलीला दर आठवड्याला जाणाऱ्यानं विचार करावा.

माझं म्हणणं तू दोन-तीन वर्षं वापरलेली व्हर्टस १.५ मॅन्युअल शोध. नवीन घेणार असलास तर आधी विचारून घे त्या इंजिनला मॅन्युअल अजून देतात का, कारण कंपन्या मॅन्युअल हळूच यादीतून काढून टाकतात, गिऱ्हाईक कमी असतं.

जुनी बघायला जाशील तेव्हा हे कर. गाडी थंड असताना जा, आधीच सुरू करून ठेवली असेल तर उद्या येतो म्हणून परत ये. सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढ, पुढं कोणी उभं नको, तिसरा गिअर टाक आणि क्लच हळूहळू सोड. इंजिन लगेच आचके देऊन बंद पडलं पाहिजे. बंद न पडता फिरत राहिलं तर क्लच प्लेट संपली. हे एकदाच कर, दहादा करून दुसऱ्याची प्लेट जाळू नको. मग रस्त्यावर ४० च्या वेगाला चौथा टाकून पूर्ण ॲक्सिलरेटर दे, आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तिथंच राहिला तर तेच दुखणं. मग तिसऱ्यातून दुसऱ्यात ये, करकर आली तर सिंक्रोनायझर (गिअर अलगद बसवणारा भाग) गेला, आधीच्या मालकानं गिअर हाणलेत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, चारी टायरचे बघ. गाडी २०२३ ची आणि एकच टायर २०२४ चा असेल तर का बदलला ते विचार. आणि गिअर लिव्हरच्या मुठीवरचं चामडं बघ. मीटरवर २० हजार आणि मूठ गुळगुळीत झालेली असं असेल तर मी तिथूनच नमस्कार करतो.

साताऱ्यात-कराडात कुठं गाडी बघायला जाणार असलास तर मला सांग, मी येतो.

स्लो_इन (कोल्हापूर)

काकांचं वाचून मजा आली. दोन-तीन गोष्टी टाकतो.

तुम्ही जे क्लच सोडायच्या आधी रेव्ह द्यायचं लिहिलंय, ते ब्रेकवर पाय असतानाच त्याच पायाच्या कडेनं करता येतं का हे टेस्ट ड्राइव्हला नक्की बघा. पेडल किती लांब-जवळ आहेत, ब्रेक दाबल्यावर ॲक्सिलरेटर त्याच्या लेव्हलला येतो का, बुटाचा नंबर काय, यावर सगळं आहे. काही गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबले की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापतो, सेफ्टीसाठी असतं ते, त्यामुळं बसल्या जागी करून बघू नका, चालत्या गाडीत हळू वेगात रिकाम्या रस्त्यावर बघा.

दुसरं, बीएस ६ या धुराच्या नियमानंतरच्या बऱ्याच गाड्यांत पाय काढला तरी रेव्ह लगेच खाली पडत नाहीत, सेकंदभर लोंबकळतात. धूर कमी व्हावा म्हणून तसं ठेवलेलं असतं. पहिल्यातून दुसरा टाकताना घाई केली तर गाडी झटका देते आणि माणसाला वाटतं आपल्याला गाडी येत नाही. येते. फक्त त्या गाडीचा ठेका पकडायला आठवडा लागतो.

ब्रेकचं म्हणाल तर व्हर्ना टर्बोला मागं पण डिस्क आहे, व्हर्टस-स्लाव्हिया-सिटीला मागं ड्रम. घाट उतरताना मात्र कुठलीही गाडी असली तरी ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरायचं, ब्रेक तापू द्यायचे नाहीत. न्यूट्रल करून घाट उतरणारी माणसं मी अजून बघतो आणि पोटात गोळा येतो. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियम आहे, उपकार नाही.

रिमॅपच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवायच्या, नादाला लागू नका. १५० पीएस आपल्या रस्त्याला पुष्कळ आहेत, वॉरंटी जाते, आणि कंपनीनं दिलेल्या रचनेत फेरफार केलेली गाडी चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१९ ला सांगितलंय. ते पैसे चांगल्या टायरला घाला. २०५ रुंदीचे चांगले टायर आणि दर महिन्याला हवा चेक, यानं गाडीत जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच चिपनं पडत नाही.

यवतेश्वर_पहाट

मंडळी, अडीच आठवडे झाले, चार गाड्या चालवून झाल्या. जसं झालं तसं सांगतो.

एका शोरूमनं आधी घाटात न्यायला नाहीच म्हटलं, एमआयडीसीला चक्कर मारून या म्हणाले, २ किमीचा सरळ रस्ता. मी म्हटलं मी १८ लाख सरळ रस्त्यासाठी देत नाहीये. मग मॅनेजरशी बोललो, सकाळी साडेसहाची वेळ ठरली, डिझेलपेट्रोलचे पैसे मी देतो म्हणालो, त्यांनी ते घेतले नाहीत. बरोबर आलेला पोरगा पण उत्साही निघाला, यवतेश्वरच्या देवळापर्यंत गेलो.

व्हर्ना टर्बो. पहिल्या पाच मिनिटांत वाटलं संपलं, हीच. क्लच इतका हलका की दोन बोटांनी दाबावा, ताकद भरपूर, आवाज नाही. पण तिसऱ्या-चौथ्या वळणापासून एक गोष्ट खटकायला लागली. स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी वळते, व्यवस्थित वळते, पण हाताला काही निरोप येत नाही. काका म्हणतात ती वाळू वगैरे तर सोडाच. बायको मागं बसली होती तिला मात्र हीच सगळ्यात आवडली, ती म्हणाली मी चालवणार असेन तर ही घे. ते पण खरं आहे, ती पण चालवणार आहे.

सिटी चालवली. ताई तुम्ही लिहिलंय त्यातला शब्द अन् शब्द पटला. दुसऱ्यात ६००० पर्यंत नेली आणि शेजारचा पोरगा पण गप्प बसला ऐकत. गिअर असा पडतो की उगाचच बदलावासा वाटतो. पण माझी सवय डिझेलची आहे, खालून ओढायची, चढावर मला सारखं वाटत होतं की मी गाडीवर ओरडतोय. कदाचित महिनाभर चालवली असती तर सवय झाली असती.

स्लाव्हिया १.० हे खरं आश्चर्य निघालं. पाटणवाले दादा थँक्यू. पुढचं नाक हलकं वाटतं, वळणात आत शिरते. दुसऱ्या-तिसऱ्यात सारखं काम करत राहावं लागतं आणि एकदाही कंटाळा आला नाही. सांगलीला जाताना हायवेला कशी वाटेल एवढाच प्रश्न होता.

मग व्हर्टस १.५. ही शोरूमची नाही, ऑफिसमधल्या एका सरांची, त्यांनी स्वतःहून चावी दिली, रविवारी घेऊन जा म्हणाले. पहाटे धुकं होतं, रस्ता ओला. गणेश खिंडीच्या पुढं एक डावं वळण आहे, आधी सरळ वाटतं आणि मग एकदम आत वळतं, तिथं मी माझ्या हॅचबॅकमध्ये नेहमी दोनदा स्टेअरिंग दुरुस्त करतो. व्हर्टसमध्ये एकदाच फिरवलं. ब्रेक, दुसरा, रेव्ह, क्लच सोडला, दचका नाही, आणि स्टेअरिंग जिथं धरलं तिथंच राहिलं. वळणातून बाहेर पडताना २००० च्या वर टॉर्क आला आणि मी आरशात बघून घेतलं मागं कोणी आहे का, कारण मला थांबायचं होतं. थांबलो. पाच मिनिटं नुसता बाजूला उभा होतो. क्लचचा प्रवास लांब आहे, सीट पुढं घ्यावी लागली, गिअर सिटीइतका सुरेख नाही, हे सगळं कळत होतं, पण ठरलं.

वडिलांना त्याच गाडीत तीन वेळा बसवून उठवलं, ताईंनी सांगितलं तसं. तिसऱ्यांदा उठताना त्यांनी दाराची कड धरली पण डोकं लागलं नाही. मागची सीट चालेल म्हणाले.

नवीन बजेटच्या बाहेर जातेय. कोल्हापूरला एक २०२३ ची १.५ मॅन्युअल आहे, एकच मालक, २६ हजार किमी, निळी. काका, येता का?

फिएस्टा_काका (एमएच ५०)

रविवारी सकाळी सातला कराडला कोल्हापूर नाक्यावर उभा राहतो. फिएस्टा घेऊन येतोय, तुझी गाडी तिथंच ठेव. मालकाला फोन करून सांग इंजिन थंड पाहिजे.

कृष्णाकाठची (सांगली)

सिटी नाही घेतली तरी राग नाही. तुम्ही ६००० पर्यंत नेली यातच मला सगळं मिळालं. मिसेसना व्हर्टसच्या क्लचची सवय करून द्या मात्र, पहिले चार दिवस शहरात नको, सकाळी हायवेच्या सर्व्हिस रोडला न्या.

यवतेश्वर_पहाट

घेतली.

सविस्तर सांगतो कारण पुढं कोणी शोधत आला तर उपयोगी पडेल. काका आणि मी सव्वाआठला पोचलो. काकांनी आधी बॉनेटवर हात ठेवला, थंड. मग गाडीभोवती एक शब्द न बोलता दोन चकरा मारल्या. टायर चारी २०२३ चे, आठवडे जवळजवळचे. गिअरची मूठ खरखरीत, शिवण जशीच्या तशी. हँडब्रेक ओढून तिसरा टाकला, क्लच निम्मा सुटायच्या आत इंजिन बंद. मालक जरा घाबरला होता, त्याला काकांनी समजावून सांगितलं का करतोय ते, तर तो म्हणाला मला पण शिकवा. रस्त्यावर चौथ्यात पूर्ण पाय दिला, काटा आणि वेग बरोबरीनं वर गेले. हलक्या पायानं एका वेगात गेल्यावर मीटरवर दोन सिलिंडर बंद झाल्याचं दिसतं, काका ते बघत बसले, म्हणाले आमच्या वेळी सिलिंडर बंद पडला की दिवसभर गॅरेजला बसायचो.

पुढच्या डाव्या दाराला एक ओरखडा आहे आणि एका अलॉयला खरचटलंय, तेवढ्यावर २० हजार कमी झाले. कंपनीची ४ वर्षं किंवा १ लाख किमीची वॉरंटी असते, ती अजून शिल्लक आहे. सर्व्हिसची सगळी बिलं बघितली. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, मालकाचं कर्ज फिटलं होतं पण आरसीवरून बोजा उतरवला नव्हता, तो फॉर्म ३५ बँकेकडून आणून दिल्यावरच उरलेले पैसे दिले, हे पण काकांनीच आठवण करून दिलं. त्यासाठी आठवडा गेला.

काल संध्याकाळी आणली. कराडपर्यंत काका पुढं फिएस्टात आणि मी मागं. तिथून पुढं मी एकटा. आज पहाटे पावणेसहाला बाहेर पडलो तर वडील, शनिवारी सांगलीहून आलेत, स्वेटर घालून पोर्चमध्ये उभे, म्हणाले मी पण येतो. पुढं बसा म्हटलं तर म्हणाले नाही, मागची सीट बघायचीय. सबंध घाट एक शब्द बोलले नाहीत. कासला चहा घेतला, परत निघताना सांगितलं, "जाताना जरा सावकाश ने, मगाशी तळं नीट दिसलं नाही."

पाटणवाला

अभिनंदन राव! एकदा कोयनानगरला ये, कुंभार्ली खाली उतरून वर येऊ. पाऊस सुरू व्हायच्या आधी ये.

फिएस्टा_काका (एमएच ५०)

सिग्नलला क्लच दाबून थांबू नको, न्यूट्रल कर. परवा टोलच्या रांगेत आरशात बघत होतो, रांग हलली की त्याच क्षणी तुझी गाडी हलायची, म्हणजे पहिला टाकून क्लचवर बसला होतास.

यवतेश्वर_पहाट

बरोबर आहे काका. आजपासून बंद.